धाकटीला बोलायला दोन्ही हात लागतात

माझ्या फोनला कॅमेरा नव्हता आणि मी ते मिरवायची. पुण्याजवळ मारुंजीत आमच्या घरावरच्या चार खोल्या भाड्यानं दिल्यात. तिथं राहणाऱ्या, कंपनीत जाणाऱ्या पोरी पाण्याचं विचारायला खाली आल्या की माझा बटणाचा फोन उचलून उलटापालटा करून बघायच्या. "काकू, यात फोटोच निघत नाही?" मी म्हणायची, "न्हाई निघत. समोर माणूस असलं की मी डोळ्यांनी बघते. नसलं की आठवते. आजवर काही अडलं न्हाई." पोरी हसत वर जायच्या. आमची आई म्हणायची, हिचा राग नाकाच्या शेंड्यावर बसलेला, शिंक आली तरी बाहेर पडंल. ते काही खोटं नाही.

पण कॅमेऱ्यावरचा माझा राग उगाच नव्हता. त्यामागं माझी धाकटी बहीण होती.

आम्ही तिघं भावंडं. मी थोरली, मधला भाऊ, आणि मग धाकटी. धाकटीला जन्मापासून ऐकू येत नाही. आमचं माहेर पौडच्या पुढं, धरणाच्या कडेला. तशा मुलांची शाळा कुठं असते हे तिच्या वेळी घरात कुणाला ठाऊक नव्हतं, आणि ठाऊक झालं तोवर ती भात लावायला लागली होती. गाव तिला मुकी म्हणून मोकळं झालं. आई मात्र मोकळी झाली नाही. तिनं धाकटीसाठी हातांची बोली केली. कुणाकडून शिकली नाही, कुठं बघितली नाही. चुलीपुढं बसून एकेक खूण ठरवत गेली.

डोक्यावरून पदर पुढं ओढला की आई. कपाळावर टेंगूळ दाखवलं की भाऊ, कारण तो लहानपणी पाळण्यातून पडला होता. नाकाच्या शेंड्यावर बोट ठेवलं की मी. एक हात लांब पसरून दुसऱ्याचा तळवा त्याला आडवा लावला की धरण. दोन्ही हातांनी स्टिअरिंग फिरवून अंगाला हिसका दिला की एसटी. बोटांची चोच करून उघडमीट केली की कावळे, म्हणजे रिकामटेकड्यांची बडबड. आईचं कुठलंच काम एका हातानं होत नसे, त्यामुळं असेल, पण निम्म्याच्या वर खुणा दोन हातांच्या होत्या.

धाकटीला बोलवायचं असलं की आम्ही जमिनीवर पाय आपटायचो, तिच्या तळपायांना कळायचं. शेतात असली तर पुढ्यात बारका खडा टाकायचो. ती मात्र आम्हाला लांबून बोलवू शकायची नाही. जवळ येऊन पदर ओढायची, तेवढंच. हाक मारणं तिच्या वाट्याला कधी आलंच नाही.

काही वर्षांपूर्वी भावकीत एक लग्न होतं. हळदीच्या दिवशी मांडवात म्हैस शिरली, आणि ती कशी शिरली, कोण कसं पळालं, वरमाईचं काय झालं, हे सगळं धाकटी आईला सांगत होती. ती सांगायला लागली की अंगभर सांगते. डोळे, मान, खांदे, सगळं लागतं तिला. कुणीतरी ते फोनवर टिपलं, त्याला एक नाचाचं गाणं लावलं आणि सोडून दिलं. मी मारुंजीत गिरणीवर दळण घेऊन उभी होते, तर एका बाईनं हसत हसत मला तोच व्हिडिओ दाखवला. "बगा तरी, काय नाचतीय येडी." मी म्हटलं, "ती माझी बहीण हाय." आणि दळण तसंच सोडून घरी आले. त्या दिवसापासून कॅमेरा म्हटलं की माझं डोकं फिरायचं. आमच्या ह्यांच्याकडे तसला फोन होता, पण ते टेम्पो घेऊन दिवसभर बाहेर, आणि घरात आले की मी तो फोन खुंटीवरच्या पिशवीत टाकायला लावायची.

मग आई गेली. दोन वर्षं होतील आता. धाकटी भाऊ-भावजयीकडे राहिली, घर तिचंच आहे. भाऊ पिरंगुटला कामाला जातो, सकाळी जातो तो अंधार पडल्यावर येतो. मी पंधरा दिवसांनी दोन गाड्या बदलून पौडला जायची आणि तिथून एसटीनं माहेरी. सुरुवातीला धाकटी मला बघितल्या बघितल्या अंगणातच बोलायला लागायची. मग हळूहळू कमी झालं. एकदा गेले तर ओट्यावर बसली होती, हात मांडीवर ठेवून. मी हातांनी विचारलं, काय चाललंय. तिनं नुसती मान हलवली. जेवतानाही हात गप्पच.

मी भावजयीवर घसरले. "दिवसभर हिच्याशी कुणी बोलतं का न्हाई?"

ती भांडी घासत होती, तिनं वर बघितलं नाही. "वन्सं, जेव, चल, नीज, एवढंच येतं मला. सासूबाई हुत्या तवा मला शिकायची पाळीच आली न्हाई. काय असलं की त्याच सांगायच्या. आता मी काय केलं तर ती नुसती बगती माझ्याकडं."

"वीस वर्षं झाली या घरात येऊन. वीस वर्षांत वासरूसुदिक शिकतं."

ती घासलेलीच कढई पुन्हा घासायला लागली, आणि मला बरं वाटलं नाही. परतीच्या एसटीत खिडकीशी बसले तेव्हा डोक्यात आलं की आईनं केलेली ती बोली आता पुरती दोनच माणसांना येते, भावाला नुसती कामापुरती. त्यातलं एक माणूस पंधरा दिवसांनी येतं, आणि त्याचे गुडघे दुखतात. दुसऱ्याचे हात आताच मांडीवर पडलेत. मला फार भीती वाटली. आई गेली तेव्हा वाटली नव्हती तेवढी.

पुढच्या खेपेला गेले तर धाकटीनं माझ्या पिशवीत हात घातला. मला वाटलं पेरू शोधतीय. तिनं माझा फोन काढला, पाठ फिरवून बघितली, बोटानं चाचपली, आणि जिथं कॅमेऱ्याचा डोळा असतो तिथं काहीच नाही हे बघून तो परत पिशवीत टाकला. तोंड असं केलं की जणू मी तिला नासका पेरू आणला होता. मग हात उठले. शेजारची म्हातारी आणि तिची सूस गावाला दिलेली लेक. म्हातारीच्या हातात चौकोन. चौकोनात लेक. लेक हात हलवते, म्हातारी हात हलवते. मग नाकावर बोट, म्हणजे मी. छातीवर बोट, म्हणजे ती. चौकोन. आणि दोन्ही हात भराभरा बोलताना करतात तसे.

मी म्हटलं, म्हणजे हातांनी म्हटलं, की विसरलीस का, हळद, म्हैस, लोक हसले.

तिनं बोटांची चोच केली. कावळे. आणि ती चोच खांद्यावरून मागं टाकून दिली. मग नाकावर बोट ठेवलं आणि छातीशी मूठ थरथरवली. भ्यायलीयेस तू, मी नाही.

मला एवढा राग आला की मी उठून परसात गेले. तिथं उभी राहून रागाचा पत्ता शोधत बसले तर तो सापडेना. तिच्या वतीनं मी एवढी वर्षं लाजत होते, आणि तिला एकदाही विचारलं नव्हतं. घरी येऊन ह्यांना सांगितलं तर ते म्हणाले, "घे की मग. तू तर आजवर तलाठ्याला भ्यायली न्हाईस, फोनला काय भ्यायचं." तरी मी महिनाभर चालढकल केली. कधी म्हटलं, गावात रेंज नाही. कधी म्हटलं, तिला रिंग कशी ऐकू जाणार. कधी म्हटलं, लिहिता-वाचता येत नाही, ती लावणार कसा. कारणं खरी होती, पण मी ती जमवत होते हेही खरं.

शेवटी धाकटीला घेऊन पौडच्या बाजारात गेले. तिथं एक भाई आहेत. त्यांचे वडील घड्याळं दुरुस्त करायचे, आमच्या आईचा रेडिओ त्यांनीच दोनदा जिवंत केला होता. आता भाई मोबाइल विकतात. मी म्हटलं, दोन फोन हवेत, कॅमेऱ्याचे, एक मला, एक हिला.

भाईंनी धाकटीकडे बघितलं. "ताई, हिला ऐकू येत न्हाई ना? मग फोन कशाला?"

"बोलायला," मी म्हटलं. माझा आवाज चढला असणार, कारण शेजारच्या गिऱ्हाइकानं वळून बघितलं. भाईंनी मात्र मान हलवली, थोडा विचार केला आणि काउंटरवर मांडलेले चार-पाच फोन बाजूला सारले. "मग मागचा कॅमेरा विसरा. लोक त्याचंच विचारतात, चंद्राचा फोटो निघतो का. तुमाला पुढचा पायजे. आणि तो बी कसला, तर हात हलला की पुसट न होणारा."

मग त्यांनी जी परीक्षा घेतली ती मी विसरणार नाही. दोन फोन एकमेकांना जोडले. एक घेऊन स्वतः रस्ता ओलांडून एसटी स्टँडाच्या भिंतीशी जाऊन उभे राहिले. दुसरा त्यांच्या बायकोनं धाकटीच्या पुढं धरला. तिकडून भाई एका हाताची बोटं भराभर उघडमीट करायचे आणि धाकटीनं इकडं तितकीच दाखवायची. पहिल्या फोनवर ती चुकत होती, बोटांचा नुसता धूर दिसायचा. दुसऱ्यावर जरा बरं. तिसऱ्यावर तिनं एकही चूक केली नाही, आणि भाई परत आले तर त्यांच्या हातातून तो फोन काढूनच घेतला. स्टँडावरची माणसं बघत होती. तिनं चोच केली, माझ्याकडे बघून.

रिंगचंही भाईंनीच काढलं. फोन थरथरण्यावर ठेवला आणि धाकटीच्या कमरेला, साडीच्या घट्ट खोचलेल्या घडीत बसवला. दुकानातून फोन लावला तशी ती दचकली आणि मग हसायलाच लागली. राहिलं वाचण्याचं. भाई म्हणाले, "नाव कशाला वाचायचं? तुमचा फोटो लावू. फोटोवर बोट ठेवलं की फोन लागंल." माझा फोटो काढताना धाकटीनं मला थांबवलं आणि माझा हात धरून बोट माझ्या नाकावर ठेवलं. तसाच फोटो काढला. साठीला टेकलेली बाई, नाकावर बोट. कुणी बघितला तर काय म्हणेल असं मनात आलं, पण म्हटलं असू दे.

माहेरच्या घरात रेंज येत नाही. घरापुढं भात झोडायचं खळं आहे, त्याच्या आंब्याकडच्या टोकाला येते. दुसऱ्या दिवशी दुपारी चार वाजता भावजयीनं धाकटीला तिथं नेऊन फोन लावून द्यायचा, असं ठरवून मी मारुंजीला आले.

चारला फोन वाजला. हिरव्या खुणेवर बोट ओढलं, फोन कानाला लावला आणि ओरडले, "हॅलो! ऐकू येतंय का गं?"

पन्नास वर्षांत मी धाकटीशी तोंडानं एक शब्द बोलले नव्हते. हे नेमके त्या दिवशी घरी होते. ते हसून हसून भिंतीला टेकले. "अगं, तुझा कान बगतीय ती मगाधरनं."

फोन तोंडापुढं आणला तर मला धाकटीची हनुवटी दिसली आणि आंब्याची फांदी. मग तिचा एक हात आला. एकच. दुसऱ्या हातात फोन होता. दुकानात भाईंच्या बायकोनं फोन धरला होता, त्यामुळं हे कुणाच्या ध्यानातच आलं नव्हतं. ती एका हातानं धरण सांगायला गेली, ते माशी हाकल्यासारखं दिसलं. एसटी सांगायला गेली तर फोनही फिरला आणि मला गरगरलं. माझंही तेच, एका हातात फोन, एका हातानं निम्म्या खुणा. तिनं वैतागून फोन खळ्यावर उताणा ठेवला आणि वरून बोलायला लागली. मला आभाळ दिसलं आणि मधूनच बोटांची टोकं. मग तेही गेलं.

मी फोन पिशवीत टाकला आणि पिशवी खुंटीला लावली. पैसे पाण्यात गेले त्याचं एवढं नाही वाटलं. तिनं महिनाभर वाट बघितली होती, हातांत पुन्हा जीव आला होता, आणि आता ती पुन्हा ओट्यावर जाऊन बसली असणार, हे डोळ्यापुढं आलं. मी चहा केला आणि तो न पिता रडले. ह्यांनी तो चहा पुन्हा गरम करून माझ्यापुढं ठेवला.

दुसऱ्या दिवशी चारला फोन पुन्हा वाजला. मी उचलणार नव्हते. उचलला तर समोर धाकटी अख्खी दिसत होती, डोक्यापासून कमरेपर्यंत, दोन्ही हात मोकळे. फोन कोण धरतंय ते दिसत नव्हतं, पण आवाज आला, "वन्सं, मी धरलाय. बोला तुमी दोगी."

मी माझा फोन मिसळणाच्या डब्याला टेकवला आणि समोर बसले. आणि धाकटी बोलायला लागली. कुणाची गाय व्याली, कुणाच्या घराची भिंत बसली, शेजारच्या म्हातारीची कवळी तांदळाच्या डब्यात कशी सापडली. तास झाला असेल. साधंच सगळं, वर्षभर साठलेलं. मी हसत होते आणि हातानं उत्तर देत होते. फोनमागून भावजय अधूनमधून म्हणायची, "वन्सं, हात भरून आला, दुसऱ्या हातात घेते हां." आणि मग, "काय म्हणली आता?" मी तोंडानं सांगायची. असं बोलणं आम्हा तिघींत कधी झालं नव्हतं. आई होती तेव्हा आई आणि धाकटी एकीकडं असायच्या, भावजय चुलीकडं.

एकदा धाकटीनं मनगटावरच्या बांगड्या हलवून काहीतरी सांगितलं. भावजय लगेच म्हणाली, "बांगड्या पायजेत व्हय तिला? मागं दोनदा भरल्या की मी तिला."

मी म्हटलं, "बांगड्या न्हाई गं. ते तुझं नाव हाय. तू लग्न होऊन आलीस तवा तुझ्या हातात कोपरापर्यंत चुडा होता. आईनं तुझं नाव तेच ठेवलं."

फोन हलला. खळं, आंबा, खळं. थोड्या वेळानं पुन्हा धाकटी दिसायला लागली. "मला नाव हाय?" भावजय म्हणाली. "वीस वरीस ती मला नावानं बोलवत हुती आन् मी कासाराकडं जात हुते." मला वासरावरून बोललेलं आठवलं आणि जीभ चावावीशी वाटली. मी तसं तिला सांगितलंही, की माझं चुकलं. ती म्हणाली, "ऱ्हाऊ द्या वन्सं, तुमचं बोलणं मनावर घ्यायचं तर घरात ऱ्हायलाच नको."

त्यानंतर तिनं विचारायचाच सपाटा लावला. पाहुणे कसे? ताप कसा? उद्या कसं? मी खूण करायची, धाकटी तीच करायची, भावजय एका हातानं फोन धरून दुसऱ्यानं अर्धी करून बघायची. धाकटी तिला लई कडक मास्तरीण मिळाली. चुकलं की मनगटावर टपली. चार-सहा बाया खळ्याच्या कडेला बघायला जमायच्या. एक दिवस एकीनं फोन काढून समोर धरला. मला चित्रात ती दिसत नव्हती, भावजयीचा आवाज तेवढा आला. "खाली ठेव तो. तुज्या घरात बोलताना मी येऊन काढू का फोटो?" तो आवाज ऐकून मला एकदम आई आठवली.

मग उन्हाळ्याच्या तोंडाला भावजयीनं युक्ती काढली. मापट्यात, म्हणजे धान मोजायच्या लाकडी मापात, काठोकाठ तांदूळ भरले आणि त्यात फोन उभा रोवला. मापटं खळ्याच्या धोंड्यावर ठेवलं की धाकटी बरोब्बर समोर. आमच्याच शेताचा तांदूळ. फोन धरायला कुणी नको, भावजयीचेही दोन्ही हात सुटे झाले. मी म्हटलं, आता ही आपल्या कामाला लागेल. पण ती फोनमागून निघाली आणि धाकटीच्या शेजारी येऊन बसली.

गेल्या चैत्रातली गोष्ट. सकाळची अकराची वेळ, मी दारात पाण्याच्या टँकरवाल्याशी भांडत होते. त्यानं रस्त्यावर पाणी सांडत टाकी भरली होती आणि वर मलाच शहाणपण शिकवत होता. कमरेला फोन थरथरला. मीही तो थरथरण्यावरच ठेवते आता. ही काही आमची वेळ नव्हती. उघडला तर धाकटी. एकटी. मापटं, तांदूळ, फोन, सगळं तिनंच केलं होतं. माझ्या फोटोवर, नाकावर बोट ठेवलेल्या फोटोवर, तिनंच बोट ठेवलं होतं.

जन्मात पहिल्यांदा तिनं मला हाक मारली होती. मी टँकरवाल्याला म्हटलं, "जा बाबा, तुझंच खरं." तो बघतच राहिला.

मी पायरीवर बसले, फोन समोरच्या कुंडीला टेकवला आणि विचारलं, काय झालं. तिनं बांगड्या हलवल्या. भावजय. मग कपाळाला हात. तक्रार होती. करवंदाचं लोणचं घालायचं चाललं होतं. आई करवंदं ठेचून बिया काढायची आणि रात्रभर नुसत्या मिठात दाबून ठेवायची, मसाला दुसऱ्या दिवशी. आणि ही बाई म्हणे आत्ताच मोहरी ओतायला निघालीय. तू सांग तिला. नाकावर बोट, आणि तोंडाकडून पुढं फेकलेला हात. सांग, रागाव.

मी सांगायला हात उचलले तोच भावजय मागून आली, हातात मोहरीची वाटी. मला वाटलं, आता तोंडानं म्हणेल, वन्सं, सांगा हो हिला. तिनं माझ्याकडे बघितलंही नाही. वाटी खळ्यावर ठेवली, दोन्ही हात पुसले आणि धाकटीपुढं उभी राहून हातांनीच सुरू झाली. ऊन आहे, आज मसाला घातला की उद्या बरणी उन्हात जाते. धाकटीनं टपली मारायला हात उचलला, हिनं तो अडवला. धाकटी म्हणाली, आई असं करायची नाही. आणि भावजयीनं डोक्यावरून पदर पुढं ओढला, अगदी आईसारखा, कानापर्यंत, आणि म्हणाली, आईनंच, मागच्या सालाच्या मागच्या साली, आजारी होती तेव्हा, मला असंच करायला सांगितलं होतं.

धाकटी थांबली. तिला ते ठाऊक नव्हतं. आईचं काहीतरी नवं तिला कळलं होतं, आई जाऊन एवढे दिवस झाल्यावर, आणि तेही हातांनी. तिनंही पदर पुढं ओढला. खरंच? भावजयीनं पुन्हा ओढला. खरंच. मग कधी, कुठं, काय म्हणाली, कुठल्या बरणीत, असं दोघींचं चालू झालं. चार हात, नुसते भराभर. मला काही कळत होतं, काही त्यांच्या पाठीमागं जात होतं. दोन-तीन खुणा तर मी कधी बघितलेल्याच नव्हत्या, त्यांनी त्यांच्या त्यांनी केलेल्या असणार.

मी पायरीवर बसून बघत होते. वरच्या खोलीतली एक पोरगी जिन्यावरून उतरताना थांबली आणि म्हणाली, "काकू, रडताय का?" मी म्हटलं, "व्हय. जा कामाला."

मग मधेच धाकटीला माझी आठवण झाली. तिनं फोनकडे वळून बघितलं, नाकावर बोट ठेवलं आणि तळवा दाखवला. थांब जरा, आमचं चाललंय.

मी थांबले.